तिसऱ्या रांगेचा निकाल

“अहो, मुलगा निघून गेलाय! उंबऱ्याबाहेर पडलाय. आता लोकांनी ओरडा केला म्हणून त्याला परत बोलवायचं आणि पुन्हा एकदा निरोप द्यायचा?” सरोळकर बाईंनी चहाची बशी इतक्या जोरात खाली ठेवली की चहा चटईवर सांडला.

“बोलवायचं की!” रेवणअण्णा म्हणाले. “संगीत नाटक आहे ते. आमच्या लहानपणी एकेका पदाला पाच-पाच वन्स मोअर घेत होते, आणि मुलगा पाचही वेळा परत येत होता. कुणाची काय तक्रार नव्हती.”

डॉक्टर आजरेकर हसले. हुसेनचाचांनी मात्र मान वर केली नाही. ते तंबोऱ्याच्या तारांखाली बसवायच्या घोडीवर कानस फिरवत होते. मी चटईवरचा चहा पुसून काढत होते आणि कुणाकडेच बघत नव्हते, कारण ज्या बाईबद्दल हे भांडण चाललं होतं ती माझी आई होती.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीतली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हुसेनचाचांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. आढ्याला सुकत घातलेले भोपळे, एका भिंतीला अर्धवट झालेले तंबोरे, आणि सगळीकडे लाखेचा आणि स्पिरिटचा वास. दर वर्षी गावात संगीत नाटकांची स्पर्धा व्हायची. चार दिवस, सकाळी एक नाटक आणि दुपारी एक. आम्ही पाचजण सगळी नाटकं तिसऱ्या रांगेत बसून बघायचो. हुसेनचाचा, दातांचे डॉक्टर आजरेकर, निवृत्त मुख्याध्यापिका सरोळकर बाई, कापड दुकानदार रेवणअण्णा आणि मी. मी त्यांच्यात सगळ्यात लहान, चोवीस वर्षांची. पोस्टात काउंटरवर होते. एकोणिसाव्या वर्षी एका नाटकाच्या मध्यंतरात मी डॉक्टरांशी एका पदाच्या रागावरून वाद घातला होता आणि मी बरोबर निघाले होते. तेव्हापासून त्यांनी मला रांगेत जागा दिली होती. त्या जागेचा मला माझ्या नोकरीपेक्षा जास्त अभिमान होता.

स्पर्धेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा निकाल लागायचा. परीक्षकांनी पदक कुणालाही देवो, तिसऱ्या रांगेला जो आवाज खरा वाटेल त्याला हुसेनचाचा स्वतःच्या हातानं केलेला एक तंबोरा द्यायचे. वर्षभर एक चांगला भोपळा ते त्यासाठी बाजूला ठेवायचे. त्यामुळे गोव्यापासून नगरपर्यंतच्या मंडळींना पदकापेक्षा या तंबोऱ्याचं अप्रूप होतं. त्या वर्षी परीक्षकांनी गायनाचं पदक ज्या गृहस्थांना दिलं, त्यांच्याबद्दल आमचं पाच मिनिटांत एकमत झालं की ते चुकून दिलं गेलं असावं. खरा वाद राहिला तो दोघींत.

एक होती हर्षला नार्वेकर. म्हापशाच्या मंडळाच्या नाटकात नायिका. एकोणीस वर्षांची पोरगी, पण गळा असा की तान सुटली की समोरच्या माणसाच्या हाताला टाळी वाजवायचीही आठवण राहू नये. दुसऱ्या अंकातल्या पदाला तिनं तीन वन्स मोअर घेतले आणि तिन्ही वेळा वेगळं गायली.

दुसरी माझी आई, कुमुदिनी मगदूम. वय एकोणपन्नास. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. लग्नाआधी शिरोळला असताना ती नाटकांत गायची. नंतर पंचवीस वर्षं देवासमोरच्या आरतीपलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघीच. स्पर्धेला बारा दिवस उरले असताना इथल्या मंडळाच्या नाटकात राजमातेचं काम करणाऱ्या बाईंचा पाय मोडला, आणि दिग्दर्शक म्हेत्रे कुणाकडून तरी पत्ता काढून आमच्या दारात आले. आईला राजमातेची तिन्ही पदं लहानपणापासून पाठ होती. तिनं अर्धा मिनिट विचार केला आणि विचारलं, “नऊवारी तुमची की माझी?”

मग बारा दिवस आमच्या घरात गाणं होतं. तिची जुनी पेटी होती. सूर धरायला माणूस नाही म्हणून ती एका पट्टीत केसांची पिन खुपसून ठेवायची आणि एका हातानं भाता हलवत गायची. कणीक मळतानासुद्धा गायची.

तिसऱ्या अंकात राजमातेचा मुलगा युद्धाला निघतो. ती ‘जाई बाळा, थांबू नको’ हे पद म्हणते आणि तो जातो. आईनं ते पद म्हटलं, आणि नाट्यगृह उसळलं. वन्स मोअर, वन्स मोअर. मिनिटभर ओरडा चालला होता. तबलजी तिच्याकडे बघत होता. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला होता. आई चौकटीवर हात ठेवून मुलगा गेला त्या दिशेला बघत उभी राहिली. तिनं पद पुन्हा घेतलं नाही. शेवटी प्रधानाचं काम करणारा नट नाइलाजानं आत आला आणि नाटक पुढं सरकलं.

भांडण होतं ते यावर.

“वन्स मोअर येऊन घेतला नाही, याचा अर्थ एकच,” रेवणअण्णा म्हणाले. “दम नव्हता. वाईट वाटून घेऊ नकोस उजू. चाळीस वर्षं ऐकतोय मी. गाणारा माणूस वन्स मोअर सोडत नसतो.”

“गाणारा सोडत नसेल,” सरोळकर बाई म्हणाल्या, “पण आई सोडेल. काल मी पहिल्यांदा असं पद ऐकलं की ज्यात मला राग आठवला नाही.”

“राग आठवला नाही ही काय चांगली गोष्ट झाली?” डॉक्टर म्हणाले. “बाई, त्या म्हापशाच्या पोरीनं तीनदा गायलं आणि तीनदा दुसऱ्या वाटेनं समेवर आली. हे रोज होत नाही. मी तिच्या बाजूनं.”

“मी पण,” रेवणअण्णा म्हणाले.

“मी कुमुदिनीबाईंच्या,” सरोळकर बाई म्हणाल्या.

हुसेनचाचांनी घोडी डोळ्यांसमोर धरून पाहिली. “मी पण बाईंच्या,” ते म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “बेटा, या वेळी तू बाजूला रहा. आईची गोष्ट आहे. आपण चिठ्ठी टाकू. कुणी काही म्हणणार नाही.”

त्या वेळी मी हो म्हटलं असतं तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण आदल्या वर्षीपर्यंत आमच्यात सहावे दातार मास्तर होते. त्यांनी आपल्या पुतण्याला मत दिलं होतं. पुतण्या बरा गायला होता, पण तंबोऱ्याइतका नव्हता. त्यावरून मास्तरांची इतकी थट्टा झाली की त्यांनी यायचंच बंद केलं. त्यानंतर कुणी पक्षपात केला की आम्ही त्याला ‘दातारी मत’ म्हणायचो. त्या हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

“बाजूला कशाला?” मी म्हटलं. “नाटक बघितलंय मी. मत देईन.”

“दे मग,” डॉक्टर म्हणाले.

“हर्षला नार्वेकर.”

सरोळकर बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला ते बघणं सहन झालं नाही, म्हणून मी आणखी बोलले.

“रेवणअण्णांचं बरोबर आहे. दम नव्हता. मी घरी रोज ऐकते ना. दुसऱ्यांदा म्हणायला घेतलं की तिचा श्वास पुरत नाही. म्हणूनच तिनं वन्स मोअर घेतला नाही.”

“बघा,” रेवणअण्णा म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “याला म्हणायचं निःपक्षपाती. सख्ख्या आईचंसुद्धा खरं ते सांगितलं पोरीनं.”

त्या थापेनं मला केवढं बरं वाटलं हे मी आजही लपवणार नाही. दहा वाजता मी पोस्टात गेले आणि म्हापशाला तार केली ती मीच. तिसऱ्या रांगेचा तंबोरा आपल्याला, पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी यावे.

आईनं संध्याकाळी विचारलं, “तुमचा निकाल लागला?”

“म्हापशाच्या मुलीला.”

“गोड गळा आहे,” ती म्हणाली. मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. “दुसऱ्या अंकातल्या पदात काय सुंदर उतरली ती.” एवढंच. रात्रीच्या भाकऱ्या थापताना ती गुणगुणत होती.

तीन दिवसांनी ती ब्लाउजचं अस्तर आणायला रेवणअण्णांच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा मी दारातच होते. पिशवी टेबलावर ठेवत म्हणाली, “दोन मीटर घेतलं. पांढरं.” मग चप्पल जागेवर ठेवली, हात धुतले आणि कापायला बसली. त्या दिवशी ती गुणगुणली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पेटीच्या पट्टीतली पिन तिनं काढून केसांत खोचली होती. मी स्वतःची समजूत घातली की स्पर्धा संपली, आता कशाला गाईल.

शुक्रवारी म्हेत्रे आले. फार खुशीत होते. इचलकरंजीच्या एका मंडळानं नाटकाचा प्रयोग ठरवला होता, आणि त्यांची एकच अट होती, राजमाता तीच हवी. मी आत चहा करत होते.

“दुसरी कुणी बघा,” आईचा आवाज आला.

“दुसरी? अहो, ते तुमच्यासाठी बोलावतायत!”

“माझा श्वास पुरत नाही आता,” आई म्हणाली. “घरात ऐकणाऱ्यांनाच कळतं ते.”

आधण उकळून गॅसवर उतू गेलं तरी मी तशीच उभी होते. म्हेत्रे बराच वेळ समजावत होते. आई शांतपणे नाही म्हणत होती, आणि कात्रीचा आवाज एका लयीत चालू होता. ते गेल्यावर तिनं आत येऊन माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि शेगडी पुसून काढली. मला काही म्हणाली नाही. ती काही म्हणाली असती तर मीही काहीतरी म्हटलं असतं. पुढचे नऊ दिवस आम्ही भाजी काय करायची, दूध आलं का, एवढंच बोललो.

त्या रविवारी सकाळी हर्षला आणि तिचे वडील कारखान्यात आले. स्टेजवर उंच वाटणारी मुलगी जवळून अगदी बारकी होती. हुसेनचाचांनी तंबोरा तिच्या मांडीवर दिला. तिनं आधी भोपळ्यावर कपाळ टेकवलं, मग तारा छेडल्या. चाचांनी कान लावला आणि म्हणाले, “दुपारपर्यंत इथंच राहू दे. जवारी अजून थोडी उघडायला हवी, झंकार कमी पडतोय.” रेवणअण्णांनी पेढे आणले होते. डॉक्टरांनी छोटंसं भाषण केलं.

भाषण संपल्यावर हर्षला म्हणाली, “एक विचारू? त्या राजमातेचं काम केलेल्या बाई कुठं राहतात?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“त्या दिवशी आमचं नाटक दुपारी होतं, म्हणून सकाळी मी मागं उभी राहून त्यांचं बघितलं,” ती म्हणाली. “लोक एवढे ओरडत होते, आणि त्या उभ्याच राहिल्या. असं कसं जमलं ते मला विचारायचंय. मला कधी जमणार नाही. टाळी आली की माझा गळा आपोआप उघडतो.”

“काही विशेष नाही त्यात,” रेवणअण्णा म्हणायला लागले, “त्यांचा श्वास–”

“उजू,” हुसेनचाचा मध्येच म्हणाले, “तुझ्याच घरी जायचंय. घेऊन जा तिला.”

गल्लीतून जाताना हर्षला सारखी बोलत होती. म्हापशाबद्दल, तिच्या गुरुजींबद्दल, पहाटेच्या बसमध्ये वडिलांना कसं मळमळलं त्याबद्दल. मी हूं हूं करत होते. घर दहा मिनिटांवर होतं, आणि मला ते आणखी लांब असतं तर बरं, असं वाटत होतं.

आई खाली सतरंजीवर बसून कापड आखत होती. हर्षलाला बघून उठली. तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, “ये गं. तुझं ते दुसऱ्या अंकातलं पद माझ्या कानातून अजून जात नाही.” पाणी दिलं, गुळाची पोळी दिली. हर्षला पाय पोटाशी घेऊन तिच्यासमोर बसली आणि तिनं सरळ विचारलं, “मावशी, तुम्ही पद परत का नाही घेतलं?”

आईनं खडू खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, आणि मग मुलीकडे.

“श्वास पुरला नाही,” ती म्हणाली.

ती रागानं म्हणाली असती, टोमणा मारून म्हणाली असती, तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती तसं म्हणाली नाही. तिला ते खरं वाटायला लागलं होतं.

“खोटं आहे ते,” मी म्हटलं.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी दाराला टेकून उभी होते, आणि मला बसताही येईना.

“मी खोटं सांगितलं त्यांना. आदल्या दिवशी तू ते पद आठ वेळा म्हटलंस. कणीक मळताना. मी मोजत होते. आठव्या वेळेला पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं. तुझा श्वास कुठंच तुटला नाही.”

“मग कशाला सांगितलंस?” आईनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

“मला तुला मत द्यायचं होतं,” मी म्हटलं. “नाटक बघतानाच ठरलं होतं माझं. पण ते म्हणाले असते, आईला दिलं. मास्तरांसारखं मलाही हसले असते. म्हणून हिचं नाव घेतलं. आणि नुसतं नाव घेऊन भागलं नाही, सगळे बघत होते, म्हणून आणखी ते श्वासाचं.” मग माझ्या लक्षात आलं की हर्षला तिथंच बसली आहे. “तू वाईट गायलीस असं नाही,” मी तिला म्हटलं. मला तेवढंच सुचलं.

हर्षलाच्या हातात पोळीचा तुकडा तसाच होता. आई खाली आखलेलं कापड हातानं उगीच सारखं करत होती.

“मत दिलं नाहीस याचं मला काही नाही,” शेवटी ती म्हणाली. “तंबोरा बरोबर हातात गेलाय. मी तुमच्या रांगेत असते तर मीसुद्धा हिलाच दिला असता. पण श्वासाचं बोललीस ना, ते लागलं. एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस आधीच आपला श्वास मोजत असतो, उजू. त्यात घरचं कुणी म्हणालं की तेच खरं वाटायला लागतं.”

“मला माहीत आहे.”

“नाही, तुला माहीत नाही. पण होईल.” ती माझ्याकडे वळली. “तुला आवडलं होतं?”

“काय?”

“माझं पद. तू मला अजून सांगितलंच नाहीस. त्या दिवसापासून गावातल्या सगळ्यांनी सांगितलं. तू सांगितलं नाहीस.”

तेव्हा मी खाली बसले. ते मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड नाही. मी म्हटलं, “ते पद सगळ्याजणी ‘थांबू नको’वर आवाज चढवतात. तू खाली उतरलीस. तू ‘थांबू नको’ म्हणालीस आणि मला ‘थांब’ असं ऐकू आलं. मला वाटलं, त्या मुलाला कळत कसं नाही. आणि मग तू चौकटीवर हात ठेवलास. बाबांना न्यायला गाडी आली होती तेव्हा ठेवला होतास तसा. मला रडायला आलं. शेजारी डॉक्टर होते, म्हणून मी मान खाली घालून चपलेचा पट्टा नीट करत राहिले. कुणी बघितलं तर म्हणतील, आई आहे म्हणून रडते.”

“आई होते म्हणूनच रडलीस की,” आई म्हणाली. “त्यात चुकलं काय?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मीही तशीच काहीतरी दिसत असणार, कारण हर्षला दोघींकडे आळीपाळीनं बघून एकदम म्हणाली, “मावशी, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.”

आई पदरानं डोळे पुसून खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

“तुझा प्रश्न सोपा आहे गं,” ती म्हणाली. “मी परत गायले असते तर ते कुमुदिनी मगदूमनं गायलं असतं. राजमातेला काय कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. तिचा मुलगा निघाला होता.”

हर्षलाचा चेहरा उतरला. “म्हणजे मी तिन्ही वेळा हर्षलाच होते.”

“छे! तुझं पद वेगळं. ती मुलगी आनंदात आहे. तिला तिचा माणूस भेटलाय. आनंद झालेलं माणूस तेच तेच दहादा सांगत सुटतं. तू तीनदा सांगितलंस, बरोबर केलंस. फक्त तिसऱ्यांदा सांगताना तू त्याच्याकडे बघत नव्हतीस, आमच्याकडे बघत होतीस. तेवढं सांभाळ.”

हर्षलानं हात धुतले, पदर नव्हता म्हणून आपल्या ड्रेसलाच ते पुसले, आणि म्हणाली, “बघू? मी म्हणते, तुम्ही सांगा.” आणि ती गायला लागली. आई तिच्यासमोर सतरंजीवर बसून, कापड बाजूला सारून, तिच्या डोळ्यांकडे बघत होती. मध्येच थांबवत होती. “इथं बघ. माझ्याकडे. मी तो आहे.” दीड तासानं हर्षलाचे वडील शोधत आले तेव्हा दोघी मिळून गात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले आणि चौघांना सगळं सांगितलं. रेवणअण्णा लालेलाल झाले. ते तरातरा उठून दारापर्यंत गेले, परत आले. “माझं मत खरं होतं,” ते म्हणाले. “मी त्या पोरीला मनापासून दिलं. पण मी तुझ्या आईला दुकानात काय काय बोललो, तुझ्या भरवशावर! आता मी त्या माउलीला तोंड कसं दाखवू?”

“जाऊन दाखवा,” सरोळकर बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “मला त्याच दिवशी कळलं होतं. तू चटई पुसत होतीस तेव्हाच. विचारायला हवं होतं मी.” आणि थोड्या वेळानं, “त्या दातार मास्तरांनासुद्धा आपण काय कमी छळलं नाही. कुणीतरी जाऊन त्यांना घेऊन या आता.”

“निकाल बदलायचा का?” डॉक्टरांनी विचारलं.

“कशाला?” हुसेनचाचा म्हणाले. “पोरगी तंबोरा घेऊन गेली. चांगला वाजतोय. तिचा काय दोष?” आणि मला म्हणाले, “तुझी खुर्ची तुझीच आहे, बेटा. पण पुढच्या वर्षी काय वाटलं ते आधी बोल. मत मागाहून दे.”

त्या संध्याकाळी रेवणअण्णा आमच्याकडे आले. नेहमीसारखं मोठ्यानं बोलायला गेले, आणि मग खाली बसून हळूच माफी मागितली. आईनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर तिनं माझ्याकडून एक पोस्टकार्ड मागून घेतलं आणि म्हेत्र्यांना तीन ओळी लिहिल्या. पोस्टात टाकायला ते माझ्याच हातात दिलं.

इचलकरंजीचा प्रयोग मार्चमध्ये झाला, रविवारी दुपारी. त्यानंतर आईनं अकरा वर्षं कामं केली, गोव्यापर्यंत गेली, आणि हर्षला प्रत्येक सुट्टीत आमच्याकडे येऊन राहायची. पण मला आठवतो तो इचलकरंजीचा रंगपट. एका शाळेचा वर्ग होता तो, फळ्यावर अजून बेरजा लिहिलेल्या. म्हेत्रे दारातून ओरडत होते, दुसरी घंटा झाली, दुसरी घंटा झाली. आई नऊवारी नेसून बाकावर बसली होती.

“कशी दिसते?” तिनं विचारलं.

सगळ्यांनी एकदम सांगितलं, छान, अगदी राजमाता. ती माझ्याकडे बघत होती.

“कुंकू वाकडं लागलंय,” मी म्हटलं. “उजवीकडं.”

मागं भिंतीला आरसा होता. ती वळली नाही. तिनं पदराच्या टोकानं कुंकू पुसून टाकलं, डोळे मिटले आणि कपाळ माझ्यापुढं केलं.